टाक्यामागचं नाव

आठ-दहा दिवस परदेशातल्या एखाद्या निवांत खेड्यात मुक्काम करायचा. सकाळी वही-पेन्सिल घेऊन पानं-फुलं रेखाटायची आणि दुपारी तीच सुईदोऱ्याने कापडावर उतरवायची. अशा शिबिरांची माहिती वाचली की भरतकामाची आवड असलेल्या माझ्यासारखीला मोह होतोच! मला जायला मिळालं, तर मी इंग्लंडमधलं केल्मस्कॉट निवडेन. थेम्स नदीकाठचं हे छोटंसं गाव. तिथल्या जुन्या दगडी घरात मे मॉरिस वाढली.

मेचा जन्म १८६२चा. वडील विल्यम मॉरिस म्हणजे कवी आणि वॉलपेपर व कापडावरच्या नक्षीसाठी जगभर गाजलेलं नाव. आई जेन उत्तम भरतकाम करायची. जुनं भरतकाम उसवून त्यातले टाके कसे घातलेत, हे या नवराबायकोने शिकून घेतलं होतं. लेकीला ते घरातच मिळालं. १८७१मध्ये वडिलांनी केल्मस्कॉटचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा मे नऊ वर्षांची होती. मग बाग, नदी, कुंपणावरच्या वेली हीच तिची चित्रशाळा झाली. पुढे लंडनच्या कलाशाळेत तिने रीतसर शिक्षणही घेतलं.

१८८५मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या कंपनीचा भरतकाम विभाग तिच्या हाती आला. नक्षी काढायची, रेशीम निवडायचं, दर ठरवायचे, हाताखालच्या मुलींना शिकवायचं, सगळं तीच बघायची. कवी येट्सची बहीण लिलीही तिथे काम करायची. नक्षी छापलेलं कापड आणि रेशीम घरी नेऊन स्वतः भरण्याची सोयही गिऱ्हाइकांना होती. १८९३मध्ये मेने भरतकामावर पुस्तक लिहिलं.

पण मैत्रिणींनो, नावाचं काय? १८८३मध्ये मेने काढलेली हनिसकलच्या वेलीची वॉलपेपरवरची नक्षी आजही लोकांना आवडते. ती वडिलांचीच, असं कितीतरी वर्षं समजलं जायचं. कंपनीतून बाहेर पडणारं काम शेवटी मॉरिस या नावाने ओळखलं जाई, आणि मॉरिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वडीलच यायचे. त्यातून भरतकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग! त्याला कला कोण म्हणणार?

मे रडत बसली नाही. कलावंतांच्या नामांकित संघात बायकांना प्रवेश नव्हता, तर १९०७मध्ये तिने बरोबरीच्या कलावती जमवून स्त्रियांचा वेगळा कलासंघ उभा केला. १९०९-१०च्या हिवाळ्यात अमेरिकेत जाऊन भरतकाम, दागिने, नक्षीकाम यांवर व्याख्यानं दिली. लग्न टिकलं नाही, तेव्हा पुन्हा माहेरचं आडनाव लावलं. गंमत म्हणजे, याच बाईने १९१० ते १९१५ या काळात वडिलांचं समग्र साहित्य २४ खंडांत संपादित केलं. बापाचं नाव तिने निगुतीनं जपलं, लेकीचं मात्र मागे पडलं.

अखेरची वर्षं ती केल्मस्कॉटलाच राहिली. सोबतीला मैत्रीण मेरी लॉब होती. साठी ओलांडल्यावर दोघी आइसलँडचा प्रवास करून आल्या. १९३८मध्ये मे गेली. तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन लंडनच्या विल्यम मॉरिस गॅलरीत भरलं ते थेट २०१७मध्ये! केल्मस्कॉटच्या घरात वडिलांच्या पलंगाला तिने नक्षी काढून, सहकारणींबरोबर भरलेले पडदे आहेत. वरच्या झालरीवर वडिलांची कविता दोऱ्याने लिहिली आहे. शब्द त्यांचे, टाके या बायकांचे.

मी भरतकाम शिकवते, तिथल्या बायका सुरेख काम करतात आणि कुणी विचारलं तर सहज म्हणतात, काही नाही हो, वेळ जात नव्हता म्हणून केलं. मी त्यांना मेबद्दल सांगते. आणि काम पुरं झालं की कापडाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, स्वतःचं नाव आणि साल भरायला लावते. चार टाके जास्त पडतात, एवढंच.