समीकरणाचे उत्तर आकृतीत शोधणारे उमर खय्याम

मराठी वाचकांना उमर खय्याम ठाऊक आहेत ते रुबायांमुळे. माधव ज्यूलियन यांनी त्या मराठीत आणल्या आणि खय्याम म्हटले की मद्याचा प्याला हे समीकरणच होऊन बसले. हयातीत मात्र त्यांचा लौकिक होता तो गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ म्हणून.

खोरासानातील निशापूर येथे १०४८ साली त्यांचा जन्म झाला. हे शहर आज ईशान्य इराणमध्ये आहे. तरुणपणी ते समरकंदला गेले. तेथील मुख्य काझी अबू ताहिर यांनी त्यांना आश्रय दिला आणि १०७० च्या सुमारास त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ तयार झाला.

वर्गसमीकरणे कशी सोडवायची हे अल-ख्वारिज्मी यांनी त्याआधी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. अडचण होती घन समीकरणांची. एक उदाहरण घेऊ. अशी संख्या शोधा, जिचा घन आणि जिची चौपट मिळून १६ होतात. खय्याम यांच्या रीतीने येथे दोन वक्ररेषा काढायच्या. पहिली, ४ एकक व्यासाचे अर्धवर्तुळ. दुसरी, व्यासाच्या डाव्या टोकापासून वर चढत जाणारा अन्वस्त, म्हणजे फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखी, पण उलटी केलेली वक्ररेषा. टोकापासून जितके अंतर जावे, त्याच्या वर्गाच्या निम्मी तिची उंची. या दोन रेषा पुढे जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू डाव्या टोकापासून बरोबर २ एकक पुढे येतो. हेच उत्तर. २ चा घन ८, चौपट ८, बेरीज १६.

आजच्या शाळेतील अक्ष त्या काळी नव्हते. ते देकार्त यांच्या १६३७ मधील ग्रंथानंतर हळूहळू रूढ झाले. पण आलेख वाचताना विद्यार्थी जे करतो, तेच येथे आहे. छेदनबिंदू दोन्ही रेषांवर असतो, म्हणून तो दोन्ही अटी एकदम पाळतो. रेषा भेटल्याच नाहीत तर उत्तर नाही, दोनदा भेटल्या तर उत्तरे दोन. काही घन समीकरणांना दोन उत्तरे असतात, काहींना एकही नसते, हे खय्याम यांनी ओळखले होते. केवळ आकडेमोडीने उत्तर देणारी सर्वसाधारण रीत मात्र त्यांना सापडली नाही. तसे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि पुढे कोणाला तरी ती सापडेल अशी आशा व्यक्त केली. इटलीतील गणितींनी ती शोधली आणि कार्दानो यांनी १५४५ मध्ये ती प्रसिद्ध केली.

१०७४ साली सुलतान मलिकशाह यांनी त्यांना इस्फहानच्या वेधशाळेत बोलावले. रमजान ज्या चांद्र पंचांगाने येतो, ते दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. पीक आणि सारा यांच्यासाठी ऋतूंशी जुळणारे सौर पंचांग हवे होते. खय्याम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले जलाली पंचांग १०७९ मध्ये लागू झाले. आजच्या इराणी पंचांगाचे मूळ तेच.

१०९२ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांची हत्या झाली, त्याच वर्षी सुलतानही वारले. वेधशाळेचा पैसा आटला. खय्याम यांच्या श्रद्धेवर संशय घेणारेही पुढे आले. त्या काळात ते हजला गेल्याचे जुन्या चरित्रांत नमूद आहे.

११३१ साली निशापूरलाच त्यांचे निधन झाले. त्यांना पाहिलेल्या बैहकी यांनी त्या दिवसाची हकीकत त्यांच्या जावयाकडून ऐकून लिहिली आहे. इब्न सीना यांचा ग्रंथ वाचता वाचता खय्याम थांबले. आप्तांना बोलावून वसियत सांगितली, नमाज अदा केली. त्यानंतर अन्नपाणी घेतले नाही. रात्री इशाच्या नमाजनंतर ते सजद्यात गेले आणि आपल्या कुवतीइतकेच तुला जाणता आले, असे अल्लाहजवळ सांगून त्यांनी क्षमा मागितली.