त्रिरश्मी डोंगरावरचा राजा : गौतमीपुत्र सातकर्णी

नाशिकला शिकायला आलेला हॉस्टेलचा प्रत्येक जण एकदा तरी पांडवलेणी चढतोच. पण या लेण्यांचा आणि पांडवांचा काही संबंध नाही. हा डोंगर म्हणजे जुना त्रिरश्मी. इथल्या २४ लेण्यांपैकी ३ नंबरच्या लेण्यात ज्याची कहाणी कोरली आहे, त्या सातवाहन राजाविषयी मला लिहायचं आहे.

काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. तिकडे रोमचं साम्राज्य भरात होतं आणि रोमन व्यापाऱ्यांची जहाजं भडोच बंदरात येत होती. पैठण आणि तेर इथला माल घाट उतरून तिकडे जायचा. म्हणजे नाशिकचा रस्ता ज्याच्या हातात, त्याच्या हातात पैसा! हा मुलूख तेव्हा शक क्षत्रप नहपानाने घेतला होता. त्याचा जावई उषवदात याची दानं १० नंबरच्या लेण्यात आजही वाचता येतात.

गौतमीपुत्राने नहपानाला हरवून मुलूख परत मिळवला. याचा पुरावा १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडला. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी! त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, जुन्यावरच नवा ठसा ठोकला. म्हणून काही नाण्यांवर नहपानाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं खालून अजून डोकावतात. मेकॅनिकलवाल्यांना यातली गंमत लगेच कळेल.

पण मला हा राजा आवडतो तो लढाईमुळे नाही. राज्याच्या १८व्या वर्षी त्याने लष्कराच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवून इथल्या भिक्षूंना शेत दिलं. २४व्या वर्षी आणखी एक हुकूम निघाला, राजा आणि राजमाता अशा दोघांच्या नावाने. कखडी गावात दिलेली जमीन पडीक आहे, गावात वस्तीच नाही, म्हणून बदली १०० निवर्तनं जमीन द्यावी, असा त्याचा आशय. दिलेलं दान कागदावरच राहिलं हे मान्य करून ते दुरुस्त करणारं सरकार! आजही अशी उदाहरणं शोधावी लागतात.

तो गेल्यावर, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, आई गौतमी बलश्रीने हे लेणं दान केलं आणि मुलाची थोरवी कोरून घेतली. शक, यवन, पहलवांचा नाश करणारा, तीन समुद्रांचं पाणी प्यालेल्या घोड्यांचा धनी, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी, न्यायाने कर घेणारा. वर्णांची सरमिसळ थांबवली हेही तिने कौतुकाने नोंदवलंय. आज आपल्याला ते खटकतं, खटकायलाच हवं. आणि गंमत म्हणजे पुढे याच घराण्यातल्या एका राजाने शक महाक्षत्रपाच्या मुलीशी लग्न केलं! कान्हेरीचा शिलालेख त्याला साक्षी आहे.

आईने लिहिलेलं म्हणजे थोडं झुकतं माप असणारच. पण आईची स्तुती, शत्रूची नाणी आणि जमिनीचे हुकूम असे तिन्ही पुरावे शेजारी ठेवले की माणूस बराचसा खरा दिसतो. इतिहास असा ताडून बघायचा असतो. आपण लॅबमध्ये रीडिंग तीनदा घेतो, तसाच!

पुढच्या वेळी डोंगर चढाल तेव्हा ३ नंबरच्या लेण्यात जरा थांबा. आणि कृपा करून भिंतीवर स्वतःचं नाव कोरू नका. तिथे एका आईने आधीच लिहून ठेवलंय.