कार्ल बेन्झ आणि त्यांची ढकलगाडी



लग्नाच्या मांडवात चार माणसे जमली की मोटारींच्या गोष्टी निघतातच. कोणाची गाडी चढावर धापा टाकायची, कोणाची पावसात सुरूच व्हायची नाही. जगातील वाईट मोटारींचा विषय निघाला तर पूर्व जर्मनीच्या त्राबांटचे नाव हटकून घेतले जाते. पण पेट्रोलवर चालणारी जी पहिली मोटार गिऱ्हाइकाला विकली गेली, ती कशी होती हे सहसा कोणी विचारत नाही. आजच्या मापाने ती अगदी ढकलगाडीच होती. ती बनवणारे कार्ल बेन्झ यांचे चरित्र म्हणूनच मनोरंजक आहे.

कार्लचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ रोजी म्यूलबर्ग येथे झाला. हे गाव आज जर्मनीतील कार्ल्सरूहे शहराचा भाग आहे. वडील रेल्वेचे इंजिन चालवीत. कार्ल दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच न्यूमोनियाने ते वारले. आई जोसेफीन हिने गरिबीत दिवस काढले, पण मुलाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही. पंधराव्या वर्षी तो कार्ल्सरूहेच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला आणि १८६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, शिकून बाहेर पडला. विधवा मातेचे ते कष्ट आपल्या घरांतून कोणाला समजावून सांगायला नकोत.

पुढे १८७१ साली बेन्झ यांनी मानहाइम येथे भागीदारीत कारखाना काढला. भागीदार बेभरवशाचा निघाला. तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बर्था हिने आपला हुंडा लग्नाआधीच वडिलांकडून मागून घेतला आणि त्या पैशांतून भागीदाराला मोकळे केले. १८७२ साली दोघांचा विवाह झाला. मोटारीच्या इतिहासात हुंड्याचा पैसा असा कामी आला!

२९ जानेवारी १८८६ रोजी बेन्झ यांनी आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंटचा क्रमांक ३७४३५. गाडीला चाके तीनच, कारण पुढची दोन चाके नीट वळवण्याची युक्ती त्यांना अजून साधली नव्हती. इंजिनाला एकच सिलिंडर आणि शक्ती एका घोड्यापेक्षाही कमी. वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. इंजिन सुरू करायचे तर मागचे जड चाक हाताने फिरवावे लागे. आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. अशी गाडी पोर्ट लुईहून क्युरपीपच्या चढावर घातली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

लोक पाहत, हसत, पण विकत घेत नसत. बेन्झ मात्र सुधारणा करीत कारखान्यातच बसून राहिले. तेव्हा बर्थाबाईंनी पदर खोचला. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये, नवऱ्याला न सांगता, पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन त्यांनी गाडी बाहेर काढली. जायचे होते माहेरी, फोर्ट्‌सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त.

वाटेत काय झाले नाही? इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने साफ केली. विजेच्या तारेचे आवरण झिजले, तेथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. पेट्रोलपंप तेव्हा कुठले? वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे डाग काढण्याचे द्रव्य, घेऊन टाकी भरली. साखळीसाठी लोहार गाठावा लागला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. आणि चढ आला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत. संध्याकाळ होता होता तिघे सुखरूप पोचली.

माझ्या मते मोटारीला खरे गिऱ्हाईक त्या दिवशी भेटले. कारखान्यात बसून जे दिसले नव्हते ते रस्त्यावर दिसले. परत आल्यावर बाईंनी आणि मुलांनी सांगितलेल्या उणिवा बेन्झ यांनी मनावर घेतल्या आणि चढासाठी आणखी एक गिअर बसवला.

मग दिवस पालटले. १८९४ साली आलेली चार चाकांची, हलकी वेलो गाडी हजाराहून अधिक संख्येने खपली. १८९९ साली एका वर्षात ५७२ गाड्या बनवून बेन्झ यांचा कारखाना जगात पहिला ठरला.

पण आता बेन्झ यांचे कान बंद झाले. जोराच्या वेगाचे त्यांना वावडे होते, आणि पट्ट्यावर चालणारी जुनीच रचना त्यांना पुरेशी वाटत होती. १९०१ साली डाइमलर कंपनीची ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज आली आणि बेन्झच्या गाड्या एका दिवसात म्हाताऱ्या दिसू लागल्या. खप १९०० मधील ६०३ वरून १९०३ साली १७२ वर घसरला. भागीदारांनी फ्रेंच इंजिनिअर आणून नवी गाडी बनवायला लावली. दुखावलेल्या बेन्झ यांनी १९०३ मध्ये कारभार सोडला. ज्या कारखान्यावर बायकोचा हुंडा लागला होता, तेथून असे निघावे लागणे सोपे नसते.

ते जवळच्या लाडेनबुर्ग गावी राहिले आणि तेथे मुलांबरोबर लहानसा कारखाना चालवला. १९१४ साली, सत्तराव्या वाढदिवशी, कार्ल्सरूहेच्या त्याच विद्यालयाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९२६ मध्ये जुन्या प्रतिस्पर्ध्याची आणि त्यांची कंपनी एक झाली, तीच पुढची मर्सिडीज-बेन्झ. ४ एप्रिल १९२९ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते लाडेनबुर्गला वारले. बर्थाबाई १९४४ पर्यंत, पंचाण्णव वर्षे जगल्या. त्यांनी गाडी नेली त्या वाटेवर २००८ सालापासून त्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या आहेत, आणि वीसलोखच्या त्या औषधाच्या दुकानासमोर त्यांचे स्मारक उभे आहे.