शिवराम जानबा कांबळे व नवसाच्या मुली

इफ्ताहाने जयासाठी अविचाराने नवस केला. तो फेडावा लागला त्याच्या एकुलत्या एका कन्येला (शास्ते, अध्याय ११). आमच्या महाराष्ट्रातही खंडोबाला नवस करीत आईबाप, आणि देवाशी लग्न लावलेली ती मुरळी जन्मभर संसारास मुके. हे पाहून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे स्वस्थ बसले नाहीत. महार समाजातील या गृहस्थांचा जन्म १८७५ चा. १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढिले. त्यांत शिवूबाई नामक मुरळीचे पत्र छापिले, व पुढे तिचा विवाहही झाला. केवढे धैर्य, आणि तिचे तर अधिकच! १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. आमची गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून येथे तो लागू नव्हता.