एकटीच्या नावाची पहिली रेकॉर्ड

वैतरणेच्या काठच्या पाड्यांवर वारल्यांचं लग्न लागतं ते धवलेरीच्या गाण्यांनी. ती बाई गात असते तेव्हा सगळा मांडव तिच्या शब्दावर चालतो. ती गाणी कुणी रचली, कुणाला ठाऊक? आईकडून लेकीकडे येत राहिली, एवढंच.

इंग्लंडातही अशी बिननावाची लोकगीतं आहेत. १९६० नंतर तिथल्या काही तरुणांनी त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची साथ दिली. या गाण्याला ‘फोक रॉक’ म्हणतात. त्यातला सर्वांत गाजलेला बाईचा आवाज म्हणजे सँडी डेनी.

सँडी ६ जानेवारी १९४७ रोजी लंडनमध्ये जन्मली. तिची स्कॉटिश आजी जुनी गाणी म्हणायची. शाळा संपल्यावर सँडीनं काही काळ रुग्णालयात नर्सचं काम केलं. दिवसा नोकरी किंवा कॉलेज आणि रात्री छोट्या क्लबांत गाणं, असं चालायचं. विशीच्या उंबरठ्यावर तिनं एक गाणं लिहिलं, ‘हू नोज व्हेअर द टाइम गोज’. काळ कसा हातातून निसटतो याचं हे गाणं पुढे जगभरच्या गायिकांनी गायलं.

१९६८ मध्ये ती ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमध्ये आली. १९६९ या एकाच वर्षात बँडच्या तीन रेकॉर्ड निघाल्या. १९७० आणि १९७१, अशी लागोपाठ दोन वर्षं ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम ब्रिटिश गायिका निवडलं. गंमत बघा, तरीही तिला स्वतःची खात्री नसायची! चार जणांच्या घोळक्यात गाणं तिला सोपं वाटे, एकटीनं पुढे उभं राहणं नको वाटे.

अखेर सप्टेंबर १९७१ मध्ये तिच्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम आला, ‘द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स’. अकरा गाणी, त्यातली आठ तिची स्वतःची. नाव एकटीचं असलं तरी साथीला जुने सोबती होते. रिचर्ड थॉम्पसनची गिटार होती, बॅरी ड्रान्सफील्डचं व्हायोलिन होतं. त्याच वर्षी ‘लेड झेपेलिन’ या बड्या बँडनं एका गाण्यासाठी तिला पाहुणी गायिका म्हणून बोलावलं. त्यांच्या अल्बमवर हा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

१९७३ मध्ये तिनं साथीदार ट्रेव्हर ल्युकसशी लग्न केलं. १९७७ मध्ये जॉर्जिया ही मुलगी झाली. पण दारूचं व्यसन वाढत गेलं. मार्च १९७८ मध्ये ती जिन्यावरून पडली, डोक्याला मार बसला. त्यानंतर डोकं दुखत राहिलं, तरी ती गोळ्या घेऊन दिवस ढकलत होती. एप्रिलमध्ये नवरा नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून गेला. काही दिवसांतच सँडी मैत्रिणीच्या घरी बेशुद्ध पडली आणि २१ एप्रिलला गेली. वय अवघं एकतीस.

मैत्रिणींनो, गाताना तिच्याभोवती किती माणसं होती! दुखणं मात्र तिनं एकटीनं अंगावर काढलं. आपणही तेच करतो, नाही का? डोक्याला मार बसला आणि दुखणं थांबत नसेल, तर कामं राहू द्या, आधी डॉक्टरकडे जा. आणि गळ्यात गाणं असेल, तर सोबतीण येईपर्यंत थांबू नका. सुरुवात करा, साथ देणारे येतात.