कोरा रकाना आणि ताराबाई मोडक

या स्मरणिकेसाठी सर्वांची माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. संगणकावर काम करणारीला तक्ते भरायला आवडतात, असा आपल्या वर्गाचा समज असावा. नाव, गाव, शिक्षण, व्यवसाय असे साधे रकाने होते. बँक, दवाखाना, शेती, दुकान, कारखाना, सगळ्यांनी उत्साहाने लिहून पाठवले. एका मैत्रिणीने मात्र ‘व्यवसाय’ हा रकाना कोरा ठेवला. ती वीसहून अधिक वर्षे बालवाडीत शिकवते. मी फोन केला तेव्हा ती हसून म्हणाली की, लहान मुलांची गाणी घेते, त्यात व्यवसाय म्हणून काय लिहायचे?

फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. काही वर्षांपूर्वी मीच तिला विचारले होते, की आता मोठ्या वर्गांना शिकवायला कधी जाणार? तिच्या कामाची किंमत तिच्या नजरेत कमी करणाऱ्यांत मीही होते. म्हणून या अंकात माझ्या नोकरीविषयी लिहिण्याऐवजी ताराबाई मोडकांविषयी लिहिते आहे. लहान मुलांना शिकवणे हाही शिकून करायचा व्यवसाय आहे, हे महाराष्ट्राला आणि गुजरातला पटवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या या बाई.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणातले, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला तिथे अडसर नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी. ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे बोटावर मोजण्याइतक्यांपैकी एक. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलगी पदरात घेऊन त्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले.

राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्रमुख झाल्या. शिक्षिका घडवणारी ही संस्था; तिच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या भारतीय. आपण ज्याला ‘सेटल होणे’ म्हणतो ते सर्व त्यांना तिथे मिळाले होते. पण जवळच भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मादाम माँटेसरींचे विचार वाचून ते वकिली सोडून लहान मुलांत रमले. मारणे नाही, धाक नाही, मूल आपल्या हाताने करून शिकते, ही त्यांची पद्धत. ताराबाई १९२३ मध्ये मानाची जागा सोडून त्यांच्याकडे गेल्या. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आल्या असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. मी मैत्रिणीला विचारलेला प्रश्न त्याच समजुतीतून आलेला होता.

भावनगरच्या पुढच्या वर्षांत त्यांनी जे केले, ते मला इंजिनिअर म्हणून विशेष वाटते. एक चांगले बालमंदिर काढणे सोपे नसते, तरी एखादी हौशी व्यक्ती ते करू शकते. ती व्यक्ती गेली की मात्र कामही थांबते. काम टिकायचे असेल तर त्याला संघटना लागते, प्रशिक्षण लागते आणि अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचवण्याची सोय लागते. आम्हा इंजिनिअरांना महाविद्यालये, संस्था, मानके, नियतकालिके हे सगळे आयते मिळाले. बालशिक्षणात त्यातले जवळजवळ काहीच नव्हते. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षण करणाऱ्यांना एकत्र आणणारी ती संघटना होती. शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर चालू झाले. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली, १९३३ पासून मराठीतही आली. ताराबाईंनी ती वर्षानुवर्षे चालवली. पालक आणि शिक्षक दोघांनाही समजेल अशा भाषेत मुलांचा हट्ट, भीती, खोटे बोलणे, खेळ यांविषयी त्या लिहीत राहिल्या.

१९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. मुलांच्या शाळेबरोबर तिथे शिक्षिकांचे प्रशिक्षणही होते. घराबाहेर पडू पाहणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यातून शिकण्याची आणि मग कमावण्याची वाट मिळाली. गिजुभाई १९३९ मध्ये वारले, तरी संघ थांबला नाही. एका माणसाच्या पलीकडे काम नेण्याची जी तयारी आधी केली होती, ती अशी उपयोगी पडली.

पण दादरमध्ये येणारी मुले बहुतेक शिकलेल्या घरांतली होती. माँटेसरींची साधने महाग होती. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराचाही त्यांच्यावर प्रभाव होता. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबईचे बस्तान सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्यासोबत आल्या. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या. त्यांनी पुढचे सारे आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले तिथे येईनात. वाट बघत बसण्याऐवजी ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कुणाच्या अंगणात, झाडाच्या सावलीत मुले जमू लागली. आधी आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ही ‘अंगणवाडी’. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूच्या कांड्या आल्या. मोजायला, जुळवायला, लहानमोठे ओळखायला त्या तितक्याच कामाच्या होत्या.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलले. भोवती वारली आदिवासींचे पाडे. मोठी मुले शाळेत येत नव्हती, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचे होते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव ‘विकासवाडी’. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरले वर्गात. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले, ती ‘कुरणशाळा’. शाळेला मुलाच्या दिवसाप्रमाणे बदलायला लावायचे, हा त्यांचा हिशोब साधा होता आणि पाळायला फार कठीण.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज तो शब्द देशभर, मराठीचा गंधही नसलेल्या राज्यांतही बोलला जातो. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळले.

नाव गावोगाव पोहोचले. ताराबाईंनी ज्या मानासाठी संघ बांधला, तो मान मात्र अजून वाटेत आहे. अंगणवाडी सेविकेला आजही वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. तीन ते सहा ही वर्षे शालेय शिक्षणाच्या रचनेत आणायला २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण यावे लागले. ताराबाईंनी ती वर्षे कामाला घेतली होती १९२३ मध्ये.

मैत्रिणीला पुन्हा फोन केला. आधी त्या जुन्या प्रश्नाबद्दल माफी मागितली, मग ही सारी कहाणी सांगू लागले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली की तिच्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात ताराबाईंवर धडा होता. माझ्यासाठी जी नवी माहिती, ती तिच्या अभ्यासक्रमात होती. आता तक्त्यात तिच्या नावापुढे ‘बालशिक्षिका’ असे आहे. तिने स्वतः सांगून लिहून घेतले आहे, आणि पुढे किती वर्षे तेही.

तक्ता पुरा करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेळाव्यात ज्या शिक्षकांचा सत्कार करायचा, त्यांची यादी आपण पहिलीपासून केली होती. बालवाडीच्या बाई तीत नव्हत्या. पहिल्या दिवशी आपल्यापैकी अर्धे जण रडत होते आणि बाईंनी एकेकाला मांडीवर घेऊन शांत केले होते, हे आपण सगळे विसरलो. समितीशी बोलून त्यांचे नाव यादीत घातले आहे, सगळ्यांत वर. त्या येणार आहेत. त्यांना आणायला कोण जाणार, एवढेच ठरायचे आहे. मी तयार आहे.