मुलांनी मागून घेतलेले पुस्तक

डेप्युटी नझीर अहमद हे नाव तुम्हांला नवे नाही. उर्दूच्या तासाला ते कधी ना कधी येतेच. उर्दूतील पहिले कादंबरीकार म्हणून त्यांचा मोठा मान आहे. पण त्यांची पहिली कादंबरी छापण्यासाठी लिहिलेलीच नव्हती, हे तुम्हांला माहीत आहे का? घरातल्या मुलांना रोज वाचायला काहीतरी हवे, म्हणून ती लिहिली गेली.

नझीर अहमद मूळचे बिजनोर जिल्ह्यातले. घरची परिस्थिती गरिबीची होती. लहानपणीच ते शिकण्यासाठी दिल्लीला आले आणि औरंगाबादी मशिदीत मौलवी अब्दुल खालिक यांचे शिष्य झाले. तेथील विद्यार्थी मशिदीतच राहत आणि आसपासच्या घरांतून रोट्या मागून आणत. नझीर अहमदही दारोदार जात. मौलवीसाहेबांच्या घरी मात्र रोटी फुकट मिळत नसे. तेथील एक लहान मुलगी त्यांना मसाला वाटायला बसवी आणि हात जरा थांबला की बोटांवर वरवंट्याचा फटका देई. हसू नका, तीच मुलगी पुढे त्यांची पत्नी झाली!

पुढे दिल्ली कॉलेजात त्यांना प्रवेश आणि वजीफा मिळाला. शिक्षण संपल्यावर ते शिक्षक झाले, नंतर शाळा तपासनीस झाले. इंग्रजी ते नोकरी करता करता शिकले. 1860 च्या भारतीय दंडसंहितेचे उर्दू भाषांतर करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कामामुळे तहसीलदारी मिळाली आणि मग डेप्युटी कलेक्टरची जागा. नावामागे ‘डेप्युटी’ लागले ते तेव्हापासून.

आता घरात या. दोन मुली आणि बशीर नावाचा मुलगा. वडील स्वतः शिकवायला बसले, पण शिकवायचे कशातून? त्या काळी मुलींना कुरआन वाचायला शिकवत, फार तर एखादे धार्मिक पुस्तक देत. मुलीच्या हाती लेखणी देणे तर पुष्कळांना पसंत नव्हते. बाजारात किस्से-कहाण्या होत्या, पण त्या मोठ्यांसाठी. लहान मुलीला गोडी लागेल आणि वडिलांना तिच्यासमोर बसून वाचताना संकोच वाटणार नाही, असे पुस्तक नझीर अहमद यांना सापडेना.

मग त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. थोरल्या मुलीसाठी ‘मिरातुल-उरूस’, धाकटीसाठी छोट्या गोष्टींचे ‘मुंतखबुल-हिकायात’ आणि बशीरसाठी ‘चंद पंद’. एकदम पुस्तक लिहून दिले नाही. थोडी पाने लिहायची, तेवढाच धडा. तो संपला की मुले पुढची पाने मागत. एकाला आपला धडा कमी वाटे, दुसऱ्याचा वाचून संपलेला असे. कचेरीचे काम करून आलेल्या वडिलांना पुन्हा लिहायला बसावे लागे. लेखकाला यापेक्षा कडक परीक्षक कोण मिळणार?

‘मिरातुल-उरूस’ म्हणजे नववधूचा आरसा. अकबरी आणि असगरी या दोन बहिणी दोन भावांच्या घरी नांदायला जातात. अकबरी हट्टी आणि निष्काळजी. एक ठक बाई गोड बोलून तिचे दागिने लांबवते. असगरी हुशार, ती हिशेब तपासते, घरातल्या जुन्या मोलकरणीची लबाडी उघडी पाडते आणि पुढे मुलींसाठी घरात शाळा काढते. खरे सांगायचे तर असगरीपेक्षा अकबरीचीच पाने वाचायला जास्त मजा येते. भाषाही दिल्लीच्या घरांतील बायकांची, बोलती. त्यामुळे घरात आणि शेजारी ज्या बायकांच्या कानांवर हे पुस्तक पडले, त्यांना त्याचे वेड लागले. थोरल्या मुलीच्या लग्नात हस्तलिखित प्रत तिच्याबरोबर दिली गेली.

शिक्षण खात्याचे प्रमुख केम्पसन एकदा दौऱ्यावर असताना त्यांना लहानगा बशीर भेटला, असे सांगतात. साहेबांनी विचारले, काय वाचतोस? बशीरने ‘चंद पंद’चे नाव सांगितले. हे पुस्तक साहेबांनी कधी ऐकले नव्हते. बशीर धावत घरी गेला आणि बहिणींची पुस्तकेही घेऊन आला! ‘मिरातुल-उरूस’ 1869 मध्ये छापून निघाले आणि सरकारने त्याला 1000 रुपयांचे बक्षीस दिले. पुढे ‘बनातुन-नाश’ आले. त्यात असगरीच्या शाळेतील मुली भूगोल आणि विज्ञानही शिकतात.

एक गोष्ट मला मात्र अजून खटकते. 1874 च्या ‘तौबतुन-नसूह’ मध्ये नसूह हा बाप आपल्या मुलाची आवडती पुस्तके जाळतो. मुलांसाठी रात्री जागून लिहिणाऱ्या माणसाने हे कसे लिहिले? तुम्ही मोठेपणी ती कादंबरी वाचाल, तेव्हा काय वाटते ते पाहा.

1877 मध्ये नझीर अहमद हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत गेले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. काही वर्षांनी ते दिल्लीला परतले. कुरआनचे उर्दू भाषांतर त्यांनी तेथे केले. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते अरबी शिकवत. त्यांतील फरहतुल्ला बेग यांनी पुढे गुरूंचे मजेदार शब्दचित्र लिहिले. ते मिळाले तर जरूर वाचा. वरवंट्याची हकिकत त्यातलीच.

1912 मध्ये दिल्लीत नझीर अहमद यांचे निधन झाले. धड्यासाठी हट्ट करणारा बशीर, म्हणजेच बशीरुद्दीन अहमद, स्वतः लेखक झाला. दिल्ली शहरावरचा त्याचा मोठा ग्रंथ 1919 मध्ये प्रसिद्ध झाला, तीन खंडांत.